युरोपात रेल्वेचा पास घ्यावा की सुटी तिकिटं काढावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकडे गोल करून दिले आहेत, कारण पासांचे दर वर्षाला आणि तिकिटांचे भाव तासातासाला बदलतात. पैसे भरण्याआधी त्या दिवसाचा भाव पाहून घ्याच. हिशेब सोपा जावा म्हणून एक युरो म्हणजे शंभर रुपये धरा.

१. युरेल पास म्हणजे नेमकं काय? एकदा घेतला की सगळ्या गाड्या फुकट का?

युरेल ग्लोबल पास ३३ देशांतल्या बहुतेक रेल्वेगाड्यांवर चालतो. तो दोन प्रकारांत मिळतो. पहिल्यात ठरावीक मुदतीत मोजके प्रवासदिवस मिळतात: एका महिन्यात ४, ५ किंवा ७ दिवस, दोन महिन्यांत १० किंवा १५ दिवस. दुसरा सलग असतो: १५ दिवस, २२ दिवस, एक, दोन किंवा तीन महिने. सुट्टीवर जाणाऱ्या बहुतेकांना पहिलाच लागतो.

सगळ्या गाड्या फुकट मात्र नसतात. पासात गाडीचं भाडं येतं. जागेचं आरक्षण सक्तीचं असेल तिथे ते वेगळे पैसे देऊन घ्यावं लागतं (प्रश्न ५). शिवाय काही कंपन्या पास मानतच नाहीत (प्रश्न १२).

२. मी भारतीय नागरिक आहे पण म्युनिकला नोकरी करतो. मला युरेल की इंटररेल?

इंटररेल. इथे पासपोर्ट कुठला यापेक्षा तुम्ही राहता कुठे हे महत्त्वाचं. युरोपात वास्तव्य असणाऱ्यांसाठी इंटररेल, बाहेरून येणाऱ्यांसाठी युरेल. वास्तव्याचा पुरावा म्हणून तिथलं रेसिडेन्स परमिट जवळ ठेवा.

फरक खरा जाणवतो तो आई-बाबा पुण्याहून आल्यावर. त्यांचा युरेल पास जर्मनीत हवा तितका चालतो. तुमचा इंटररेल मात्र तुम्ही राहता त्या देशात फक्त दोनदा चालतो, बाहेर पडताना एकदा आणि परतताना एकदा. म्हणजे तिघांनी मिळून बर्लिन, कोलोन, हायडेलबर्ग करायचं असेल तर त्यांचं पासवर भागेल आणि तिकीट काढावं लागेल तुम्हाला. असा बेत जर्मनीतच फिरणारा असेल तर प्रश्न ११ आधी वाचा.

३. फिरवून नको, सरळ सांगा: स्वस्त काय पडतं?

तारखा पक्क्या असतील आणि दोन-तीन महिने आधी तिकिटं काढणार असाल, तर बहुतेक वेळा सुटी तिकिटं. तारखा मोकळ्या ठेवायच्या असतील, अंतरं लांबची असतील आणि देश आरक्षणाची सक्ती नसलेले असतील, तर पास. दोन बेत मांडून पाहू.

पहिला बेत: पॅरिस, इंटरलाकेन, व्हेनिस, रोम. बारा दिवस, हॉटेलं आधीच ठरलेली. मोठे प्रवास चार. आधीपासून काढलेल्या तिकिटांचे समजा असे भाव मिळाले: पॅरिसहून बाझलमार्गे इंटरलाकेन ७५ युरो, इंटरलाकेन ते मिलान ४५, मिलान ते व्हेनिस २५, व्हेनिस ते रोम ४०. माणशी १८५ युरो. आता पास. प्रौढांचा दुसऱ्या वर्गाचा ४ दिवसांचा पास सुमारे २८० युरोंना पडतो. त्यावर आरक्षणं: पॅरिस ते बाझल तीसच्या घरात, मिलानच्या गाडीला दहा-पंधरा, इटलीतल्या दोन गाड्यांना प्रत्येकी १३. एकूण ३५० च्या आसपास. माणशी १६५ युरोंचा फरक, म्हणजे चौघांच्या घरात साठ हजारांच्या पुढे.

दुसरा बेत: फ्रँकफुर्ट, बर्लिन, म्युनिक, साल्झबुर्ग, व्हिएन्ना, झुरिक, इंटरलाकेन. कुठे किती दिवस राहायचं ते हवामान बघून ठरवायचं आहे. ७ दिवसांचा पास सुमारे ३८० युरो, म्हणजे दिवसाला ५४-५५. आयत्या वेळी काढलेलं पूर्ण भावाचं तिकीट बर्लिन ते म्युनिक दीडशे युरोंच्या पुढे जातं, फ्रँकफुर्ट ते बर्लिन आणि व्हिएन्ना ते झुरिक शंभराच्या वर, झुरिक ते इंटरलाकेन ७० स्विस फ्रँकच्या आसपास. चार प्रवासांतच पास वसूल होतो, आणि आरक्षणाची सक्ती जवळपास कुठेच नाही.

हिशेबाची रीत अशी: पासाची किंमत भागिले प्रवासदिवस. ज्या दिवसाचं सुटं तिकीट या आकड्यापेक्षा स्वस्त असेल, तो दिवस पासावर घालू नका. साल्झबुर्गहून हालश्टाटला जायला वीस-पंचवीस युरोंचं तिकीट लागतं, त्यासाठी ५५ युरोंचा दिवस कशाला खर्चायचा? असे किरकोळ प्रवास वेगळे काढले की सात दिवसांचा पास पाच दिवसांवर येतो, आणि कधी कधी पासाची गरजच उरत नाही.

४. तिकिटं किती आधी काढायची? शेवटी तत्काळमध्ये मिळेल ना?

तत्काळ नाही, वेटिंग लिस्ट नाही, आरएसी नाही. भाव विमानासारखे चढतात. जर्मनीत सर्वात स्वस्त तिकीट वीस युरोंच्या आतही मिळतं आणि त्याच गाडीचं आदल्या दिवशीचं तिकीट शंभरावर जातं. लांब पल्ल्याच्या गाड्यांची विक्री साधारण दोन ते सहा महिने आधी उघडते आणि स्वस्त जागा पहिल्या काही आठवड्यांतच जातात.

स्वस्त तिकिटाला अटी असतात. ते त्याच दिवसाच्या, त्याच गाडीचं असतं. ९:२८ ची चुकली म्हणून १०:२८ मध्ये बसलात तर तुम्ही विनातिकीट. रद्द केल्यास पैसे परत मिळतातच असं नाही. जर्मनीतलं सर्वात स्वस्त तिकीट तर रद्दच होत नाही. मधलं तिकीट पाच-दहा युरोंनी महाग असतं पण त्याचं निदान व्हाउचर मिळतं. म्हातारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर ते घ्यावं.

प्रादेशिक गाड्यांना हे लागू नाही. इटलीच्या प्रादेशिक गाडीचा भाव आज, उद्या, महिन्यानंतर तोच असतो. तिकीट स्टेशनवर काढा. फक्त कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्यायला विसरू नका. ऑनलाइन काढलं असेल तर मोबाइलवरून चेक-इन करावं लागतं. दंड होतो तो तिकीट असूनही, याच एका चुकीसाठी.

५. पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे का? आणि किती?

फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांत उभ्याने प्रवास नसतो. जितक्या जागा तितकेच प्रवासी, म्हणून पासवाल्यालाही जागा घ्यावीच लागते. दुसऱ्या वर्गाचे ढोबळ आकडे असे. फ्रान्समधली टीजीव्ही १० किंवा २० युरो. इटलीची फ्रेचारोसा १३. स्पेनची आवे दहाच्या पुढे. पॅरिस ते लंडन युरोस्टार तीस-पस्तीस. रात्रीच्या गाडीतला बर्थ याहून बराच महाग (प्रश्न ८).

पैशापेक्षा मोठी अडचण कोट्याची आहे. टीजीव्ही आणि युरोस्टारमध्ये पासवाल्यांसाठी ठरावीक जागाच असतात. गाडी अर्धी रिकामी दिसते, पूर्ण भावाचं तिकीट मिळत असतं, तरी पासाची जागा संपलेली असू शकते. जून ते ऑगस्ट आणि नाताळात पॅरिस ते बार्सिलोना, पॅरिस ते मिलान, लंडन ते पॅरिस या मार्गांवर हे हमखास होतं. म्हणजे पास घेतला मोकळेपणासाठी, आणि जागा धरायच्या दोन महिने आधी! अशा वेळी पासाचा अर्थच उरत नाही.

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, बेल्जियम, नेदरलँड्समधल्या देशांतर्गत गाड्यांत बहुतेक ठिकाणी सक्ती नाही. हवी असेल तर जर्मनीत पाच-साडेपाच युरोंत जागा धरता येते. शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारी ती धरावीच, नाहीतर दरवाज्याजवळ बॅगेवर बसून तीन तास जातात. नसेल धरली, तर डब्यात शिरल्यावर सीटच्या वरची छोटी पट्टी बघा. ‘म्युनिक ते न्यूरेम्बर्ग’ असं लिहिलं असेल तर ती जागा न्यूरेम्बर्गनंतर तुमची. पट्टी कोरी असेल तर खुशाल बसा.

६. आरक्षण चुकवून पासवर फ्रान्स-इटली फिरता येतं का?

येतं, वेळ हाताशी असेल तर. पासाच्या अॅपमध्ये गाड्या शोधताना ‘आरक्षण नको’ असा पर्याय निवडता येतो. फ्रान्समध्ये टेर नावाच्या प्रादेशिक गाड्या, इटलीत रेजिओनाले. मिलान ते व्हेनिस फ्रेचारोसाला सुमारे अडीच तास, प्रादेशिक गाडीने वेरोनाला बदलून चारेक तास. वाटेत वेरोनाला उतरून जेवायचं असेल तर उत्तम. पण त्यासाठी पास कशाला? त्या गाड्यांचं सुटं तिकीटही स्वस्तच असतं.

७. ‘एका महिन्यात ४ दिवस’ म्हणजे चार प्रवास का?

चार तारखा. एका प्रवासदिवसात रात्री १२ ते पुढच्या रात्री १२ पर्यंत हव्या तितक्या गाड्या. सकाळी झुरिक ते ल्युसर्न, दुपारी ल्युसर्न ते बर्न, संध्याकाळी परत झुरिक, सगळं मिळून एकच दिवस. म्हणून हुशारी अशी की लांबचा प्रवास आणि आसपासचं फिरणं एकाच तारखेत बसवायचं.

दिवस अॅपमध्ये आपण स्वतः सुरू करतो. तो सुरू होण्याआधी, म्हणजे तिथल्या घड्याळाने आदल्या रात्री १२ पर्यंत, रद्द करता येतो. तारीख उजाडली की दिवस गेला, मग गाडीत बसा वा बसू नका. म्हणून आठवडाभराचे दिवस आदल्याच आठवड्यात सुरू करून ठेवू नका. गाडीच्या अर्धा तास आधी केलं तरी पुरतं.

८. रात्रीच्या गाडीला दोन दिवस मोजतात का?

एकच, सुटण्याच्या तारखेचा. अट अशी की मध्यरात्रीनंतर त्या पासवर दुसरी गाडी पकडायची नाही. रात्री ९ ला व्हिएन्नाहून निघालात, सकाळी ८ ला व्हेनिसला उतरलात आणि तिथून लगेच फ्लॉरेन्सची गाडी धरलीत, तर दुसरा दिवस लागतो. पोचण्याची तारीखही पासाच्या एकूण मुदतीत असायला हवी. संध्याकाळी सातनंतरची गाडी पुढच्या दिवसात मोजायचा जुना नियम आता नाही. जुन्या लेखांत तो अजून सापडतो, त्यावर जाऊ नका.

हॉटेलची रात्र वाचते हे खरं, पण बर्थचा अधिभार मोजा. सुट्टीच्या दिवसांत दोघांच्या केबिनचा अधिभार बऱ्याचदा साध्या हॉटेलच्या खोलीइतका होतो.

९. मुलांना आणि आजी-आजोबांना सवलत किती?

युरेलमध्ये ४ ते ११ वर्षांची मुलं प्रौढाबरोबर फुकट, एका प्रौढामागे दोन. मात्र त्यांचाही पास काढावा लागतो, फक्त त्याची किंमत शून्य. चार वर्षांखालच्यांना पास नको. १२ ते २७ वयाला सुमारे २५ टक्के सूट, ६० च्या पुढे १० टक्के. वय धरतात ते पास सुरू होण्याच्या तारखेचं.

दोन खाचा लक्षात ठेवा. फुकट पासवाल्या मुलाचंही आरक्षण फुकट नसतं. युरोस्टारला नऊ वर्षांच्या मुलाचे पैसे तुमच्याइतकेच लागतात. आणि बारा ते पंधरा वयाची मुलं युरेलमध्ये पैसे भरतात, स्विस ट्रॅव्हल पासवर (प्रश्न १०) मात्र सोळा वर्षांपर्यंत आई किंवा वडिलांबरोबर मोफत असतात. त्यासाठी पास घेतानाच फॅमिली कार्ड मागायचं. त्याला वेगळे पैसे नसतात, पण मागितल्याशिवाय ते मिळत नाही.

जर्मनीत सुट्या तिकिटावरही १४ वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर मोफत आहेत. सहा वर्षांवरचं मूल तिकीट काढतानाच त्यात नोंदवायला हवं. नंतर टीसीसमोर सांगून उपयोग नाही.

१०. फक्त स्वित्झर्लंड करणार आहोत. स्विस ट्रॅव्हल पास, हाफ फेअर कार्ड की युरेल?

सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि चुकाही इथेच जास्त होतात, कारण स्वस्त असं इथे काहीच नाही.

स्विस ट्रॅव्हल पासमध्ये रेल्वे, पिवळ्या पोस्टबस, तलावातल्या बोटी, नव्वदेक शहरांतल्या ट्राम-बस आणि पाचशेहून जास्त संग्रहालयं येतात. रिगी, श्टान्सरहॉर्न आणि श्टूस हे डोंगर पूर्ण मोफत. टिटलिसला ५० टक्के सूट. युंगफ्राउयोखला मात्र पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच चालतो, तिथून पुढे फक्त २५ टक्के.

हाफ फेअर कार्ड महिनाभर चालतं आणि गाडी, बस, बोट तर अर्ध्या भावात देतंच, युंगफ्राउयोखसह बहुतेक डोंगरही अर्ध्या भावात देतं. म्हणून एकाच गावात राहून दोन महागडे डोंगर करायचे असतील तर कार्ड. रोज गाव बदलायचं, बोटीत बसायचं, ल्युसर्नहून रिगी करायचा असेल तर पास. दोन्हींच्या मध्ये अडकलात तर त्या दिवसापुरता सेव्हर डे पास बघा. लवकर काढला तर तो ५२ फ्रँकपासून मिळतो, आणि हाफ फेअर कार्ड असेल तर त्याहूनही कमीत.

युरेल स्वित्झर्लंडच्या मुख्य गाड्यांवर चालतो, पण पोस्टबस आणि शहरातल्या ट्रामवर नाही. पुढे दुसरे देश असतील तरच त्याचा विचार करा.

ग्लेशियर एक्स्प्रेस आणि बर्निना एक्स्प्रेस या पर्यटकांच्या गाड्यांना कुठलाही पास असला तरी जागेचे वेगळे पैसे लागतात. त्याच बर्निना रुळांवर साध्या प्रादेशिक गाड्याही धावतात. तेच डोंगर, तेच पूल, जागेचे पैसे नाहीत आणि खिडकी उघडते. फोटो काढणाऱ्यांनी तीच पकडावी. काचेच्या छताच्या डब्यात फोटोवर आतल्याच लोकांची सावली पडते.

११. जर्मनीत मुलीकडे महिनाभर राहणार आहोत. रोज थोडं फिरू. पास घ्यावा का?

डॉइचलांड तिकीट बघा. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोंना सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं, २०२६ पासून ६३ आहे. महिनाभर देशभरच्या प्रादेशिक गाड्या, एस-बान (शहरी लोकल), मेट्रो, ट्राम, बस सगळं त्यात. आयसीई आणि आयसी या वेगवान गाड्या नाहीत. म्युनिकहून फ्युसेनचा किल्ला किंवा साल्झबुर्ग सहज होतं. म्युनिक ते बर्लिनही करता येतं, पण चार-पाच गाड्या बदलून दिवस जाईल. त्या एका प्रवासाचं वेगळं तिकीट काढा.

ते वर्गणीसारखं आहे. त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. मुंबईला परतल्यावर दुसरा हप्ता गेल्याचं कळतं ते यामुळेच.

१२. कुठल्या गाड्यांवर पास चालत नाही?

इटलीत इटालो. फ्रान्स आणि स्पेनमध्ये वीगो. स्पेनमध्ये इर्यो. जर्मनीत हिरवी फ्लिक्सट्रेन. नेपल्सहून पॉम्पेई-सोरेंतोला जाणारी चिर्कुमवेसुव्हियाना. शहरांतल्या मेट्रो, ट्राम, बस. जर्मन शहरांतली एस-बान मात्र पासावर चालते. लक्झेंबर्गमध्ये प्रश्नच नाही: २०२० पासून देशांतर्गत दुसऱ्या वर्गाचा सगळाच प्रवास फुकट आहे, त्या दिवसासाठी पास खर्चू नका.

गंमत अशी की स्पेन आणि इटलीत सुटी तिकिटं स्वस्त झाली ती याच कंपन्यांमुळे. २०२१ मध्ये वीगो आणि २०२२ च्या अखेरीस इर्यो आल्यावर माद्रिद ते बार्सिलोनाचे भाव खाली आले. इटलीत इटालो २०१२ पासून आहे. म्हणून फक्त इटली किंवा फक्त स्पेन असेल तर पासाचा विचारही करू नका.

१३. पहिल्या वर्गाचा पास घ्यावा का?

‘दुसरा वर्ग’ म्हटल्यावर आपल्याकडचा जनरल डबा डोळ्यांसमोर आणू नका. तिथला दुसरा वर्ग आपल्या एसी चेअरकारच्या तोडीचा असतो. पहिल्याला साधारण पाव हिश्शाने जास्त पैसे पडतात आणि त्यात रुंद सीट, कमी गर्दी, बॅगांना जास्त जागा मिळते. आरक्षण न करता ऐन उन्हाळ्यात जर्मनी-ऑस्ट्रिया फिरायचं असेल आणि बरोबर सत्तरीचे आई-वडील असतील, तर हे पैसे सार्थकी लागतात. एरवी नाही. हमाल कुठल्याच वर्गात मिळत नाही. दोन-तीन पायऱ्या चढून बॅग स्वतःच उचलायची असते, तेव्हा २८ इंची बॅग घरी ठेवा.

१४. गाडी उशिरा आली आणि पुढची चुकली तर?

पास असेल आणि पुढची गाडी बिनआरक्षणाची असेल, तर त्यानंतरच्या गाडीत बसा. कुणाला काही विचारायची गरज नाही. पासाची खरी किंमत वसूल होते ती इथे, आणि ती भावांच्या तक्त्यात दिसत नाही.

सुट्या तिकिटांत पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर आहे का, ते बघा. एकच तिकीट असेल तर पुढच्या गाडीची जबाबदारी रेल्वेची. जर्मनीत मुक्कामी पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल तर स्वस्त तिकिटावरचं गाडीचं बंधनही सुटतं. पण दोन वेगळ्या संकेतस्थळांवर दोन तिकिटं काढून मध्ये बारा मिनिटं ठेवली असतील, तर दुसरं तिकीट बुडालं समजा. वेगळी तिकिटं काढताना मध्ये निदान तासभर ठेवा. दिवसातली शेवटची गाडी असेल तर त्याहून जास्त.

युरोपीय संघात तासाभरापेक्षा जास्त उशीर झाल्यास तिकिटाच्या २५ टक्के, दोन तासांच्या पुढे ५० टक्के भरपाई मागता येते. पासवाल्यांनाही भरपाई आहे, तिचा अर्ज युरेलकडे वेगळा करायचा.

१५. व्हिसाच्या फाइलला रेल्वेची तिकिटं जोडावी लागतात का? पास आधी घ्यावा का?

साधारणतः विमानाचं बुकिंग, राहण्याची सोय, ३०,००० युरोंचा प्रवास विमा आणि दिवसवार बेत लागतो. शहरांमधल्या प्रवासासाठी बेतात ‘रेल्वेने’ असं लिहिणं पुरतं. परत न मिळणारं तिकीट व्हिसा हातात येईपर्यंत काढू नका. मोबाइल पास तर पैसे भरताच ईमेलवर येतो आणि अकरा महिन्यांत कधीही सुरू करता येतो, त्यामुळे घाई नको. घाई करायचीच असेल तर ती सवलतीचा सेल चालू असताना. मात्र सेलमधला पास सहसा परत करता किंवा बदलता येत नाही, अटी वाचा.

१६. पासात ब्रिटनही येतं ना? मग पॅरिसहून दोन दिवस लंडनला जाऊन येऊ.

पास चालेल, व्हिसा चालणार नाही. ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो, हे बहुतेकांना माहीत असतं. विसरतात ते दुसरं: पॅरिस सोडून लंडनला गेलात की शेंगेनमधून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटातून, तुम्ही बाहेर पडलात. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परत येता येणार नाही. त्यामुळे लंडन सुरुवातीला किंवा शेवटी ठेवा, नाहीतर अनेकवार प्रवेशाचा व्हिसा आहे याची खात्री करा. पासातल्या सर्बिया, बॉस्निया, तुर्कस्तान या देशांत गेलात तरी शेंगेनमधून असेच बाहेर पडता. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं तरी शेंगेनमध्ये आहे, तिथे काही अडचण नाही.

युरोस्टारला पासपोर्ट तपासणी गाडीत चढण्याआधीच होते. किमान तासभर आधी पोचा.

१७. पास वापरायचा कसा? टीसीला काय दाखवायचं?

रेल प्लॅनर अॅपमध्ये पास जोडा. प्रवासाच्या दिवशी ती नेमकी गाडी शोधून आपल्या सहलीत घाला, तिच्यापुढचं बटण सरकवून ती पासाला जोडा, मग दिवस सुरू झाल्याची खूण येते आणि क्यूआर कोड दिसतो. टीसी तो स्कॅन करतो आणि कधी कधी पासपोर्ट मागतो. आधार कार्ड चालत नाही. पासावरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक जुळायला हवा. पासपोर्ट नव्याने काढणार असाल तर आधी तो काढा.

गाडी जोडायची राहिली आणि टीसी समोर आला, तर पास असूनही तुम्ही विनातिकीट ठरता. डबा हलण्याआधी हे काम उरकायचं. आयत्या वेळी गाडी बदललीत तर नवी गाडी जोडा, जुनी काढा. अॅप इंटरनेटशिवाय चालतं, पण तीन दिवसांतून एकदा तरी ते ऑनलाइन न्यावं लागतं.

१८. रेल्वेच्या साइटवर आमचं कार्ड चालत नाही. काय करायचं?

आधी बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार आणि ऑनलाइन व्यवहार, दोन्ही चालू आहेत का ते बघा. बऱ्याचदा एकच चालू असतं. ओटीपी यायला वेळ लागून पान बंद होत असेल तर रेल्वेच्या मोबाइल अॅपवरून करून पाहा. तरीही नाही जमलं तर फॉरेक्स कार्ड वापरा. साध्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा अधिभार बहुधा दोन ते साडेतीन टक्के आणि वर जीएसटी पडतो, तो तुलनेच्या हिशेबात धरा.

१९. मोबाइलची बॅटरी संपली किंवा मोबाइलच हरवला तर?

बॅटरी संपली तर पास दाखवता येत नाही, आणि टीसीच्या दृष्टीने तो नाहीच. पॉवर बँक बॅगेत खाली नको, हाताशी ठेवा. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट चालेल असं धरून बसू नका.

मोबाइल हरवला तर दुसऱ्या मोबाइलवर अॅप उतरवून आडनाव आणि पास क्रमांक टाकून पास पुन्हा आणता येतो. न जमल्यास युरेलच्या ग्राहक सेवेकडून सोडवून घ्यावा लागतो. पास क्रमांक असतो खरेदीच्या ईमेलमध्ये, आणि ते ईमेल असतं हरवलेल्या मोबाइलमध्ये. म्हणून घरच्या प्रत्येकाचा पास क्रमांक एका कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरात ठेवा.